फिरतीवरचा मुलगा

१२ जून

ताई,

माझं पाकीट आलं की 'आता काय हवंय याला' असं म्हणूनच तू ते फोडतेस, हे मला माहीत आहे. या वेळी खरंच हवंय. तेव्हा आधी बसून घे.

मी नोकरी सोडली. कुणी काढलं नाही, मीच सोडली. पुलांचे आराखडे तपासायच्या त्या कचेरीत पाच वर्षं काढली आणि पाचही वर्षं दुपारी चारच्या सुमाराला माझ्या पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली. राजीनामा दिला त्या दिवसापासून दुखणं बंद आहे. आता बोल.

कचेरीच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे शिंपी आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पँट आखूड करून घ्यायला म्हणून गेलो, मग गप्पा मारायला जाऊ लागलो, मग एक दिवस त्यांनी माझ्या हातात सुई दिली. आता त्यांच्याकडेच काम शिकतोय आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहतोय. हसू नकोस. आईने आपल्या दोघांना एकाच दुपारी तुरपाई शिकवली होती. तू डावखुरी, तुझे टाके सगळे उलट्या अंगाला कलायचे आणि मी तुला चिडवायचो. मग बाबा आले आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. तुझ्या हातातलं नाही काढलं.

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो तो हेच सांगायला. चार दिवस राहिलो आणि मूग गिळून परत आलो. बाबांनी तीस वर्षं इंजिनिअर साहेबांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. त्यांनी मला घरोघर फिरवलं, 'हा आमचा इंजिनिअर' म्हणून. चहा पिऊन पिऊन माझा जीव गेला, पण तोंड उघडलं नाही.

म्हणून सोबत त्यांच्यासाठी वेगळं पत्र ठेवलंय. सगळं खरं लिहिलंय. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही आणि आईचं चष्मा लावला की डोकं चढतं, तेव्हा तूच वाचून दाखव. बरा दिवस बघून वाच. मी भित्रा आहे हे तुला नव्याने सांगायला नको. पण या एका गोष्टीत मला भ्यायचं नाहीये, आणि तुझ्याशिवाय मला तिथे कुणी नाही.

तुझा,
धाकटा

३० जून

धाकट्या,

काय करून ठेवलंस हे.

रविवारी दुपारी गेले आणि वाचून दाखवलं. बाबांनी अर्ध्यावरच हात वर केला, 'पुरे' म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले ते दिवेलागणीला आले. आई रडली नाही. ती म्हणाली, "त्याला कळव, इकडे यायचं नाही आणि पत्रही पाठवायचं नाही." एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

तू आता काही करू नकोस. एकदम तर येऊच नकोस, बाबांच्या छातीचं तुला माहीत आहे. मी दर रविवारी जातेच, हळूहळू त्यांच्या कानावर घालत राहीन. राग निवळला की मीच कळवीन. तोवर जे काही लिहायचं ते मला लिही.

तब्येत सांभाळ. शिंपीकाम करणारे पाठीतून वाकतात म्हणे.

ताई

२ सप्टेंबर

ताई,

दोन महिने तुझं ऐकलं. आईचं ते वाक्य मी किती वेळा मनात म्हणून पाहिलं असेल. ती असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. बाबांचं वाटलं होतं.

काम छान चाललंय हे कुणाला तरी सांगायचंय म्हणून सांगतो. मास्तर फार कमी बोलतात. माझी बाही चुकली की ते ती उसवतात आणि दोरे माझ्यासमोर ठेवतात. काल पहिल्यांदा त्यांनी माझी शिवण उसवली नाही. मी दिवसभर खुशीत होतो. जिना चढून वर आलो आणि वाटलं, हे आईला सांगावं. मग आठवलं.

मी एकदा येऊन त्यांच्या पाया पडू का? हाकलतील तर हाकलू देत.

धाकटा

१० सप्टेंबर

धाकट्या,

येऊ नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ. परवा तुझा विषय काढला तर बाबा ताटावरून उठले. थोडा धीर धर. इतकी वर्षं त्यांच्या मनासारखं वागलास, आता स्वतःच्या मनासारखं वागलास, तर त्यांना सावरायला वेळ नको का?

शिवण उसवली नाही ते वाचून बरं वाटलं. दाजींनाही सांगितलं. त्यांनी 'बरं' म्हटलं, त्यांचं तुला माहीतच आहे.

ताई

१५ जानेवारी

ताई,

पार्सल मिळालं असेल. आत बाबांसाठी कोट आहे. राखाडी, गरम कापडाचा. माप मी अंदाजाने घेतलंय. त्यांचे खांदे मला डोळे मिटून माहीत आहेत, लहानपणी त्यावर बसूनच तर फिरलो.

हा मी एकट्याने केलेला पहिला कोट. मास्तरांनी हातसुद्धा लावला नाही. त्यांच्याकडे एक रिवाज आहे. शिकणाऱ्याने पहिला पुरा कोट केला की आतल्या खिशाच्या तळाशी पांढऱ्या फितीवर स्वतःचं नाव दोऱ्याने काढायचं. बाहेरून दिसत नाही. घालणाऱ्याने खिशात हात खोल घातला तरच बोटाला लागतं. बाबांना सांग, एकदा खिशात हात घालून पाहा. बाकी काही बोलू नकोस.

फेकला तरी चालेल, पण काय केलं ते मला खरं कळव.

धाकटा

२ फेब्रुवारी

धाकट्या,

कोट दिला. बाबांनी घेतला, घडी न मोडता कपाटात ठेवला आणि कपाट बंद केलं. फितीचं सांगितलं, तरी कपाट उघडलं नाही.

फेकला नाही, हेही काही कमी नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

ताई

९ डिसेंबर

कोटाच्या दुकानाचे मालक यांस,

नमस्कार. मी कोण ते तुम्हाला माहीत नसेल. गेल्या थंडीत आमच्या मुलाने त्याच्या वडिलांसाठी तुमच्या दुकानातून राखाडी कोट घेतला होता. तो सोबत पाठवत आहे. हे वर्षभरात बारीक झाले आहेत, कोट अंगात खेळतो. दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं आत घ्यावा ही विनंती. थंडी सुरू झाली आहे आणि यांना दुसरा काही घालायला आवडत नाही. रोज फिरायला जाताना हाच घालतात आणि भेटेल त्याला 'मुलाने पाठवला' असं सांगतात. आता लोक आधीच म्हणतात, हो, मुलाने पाठवला ना.

तुमचा पत्ता मला कपाटात मिळाला. कोट ज्या कागदात आला तो मी कप्प्यात अंथरला होता. मुलीने तो उलटा करून गुंडाळला होता. परवा कप्पा पुसताना कागद काढला तर खालच्या बाजूला तुमचा पत्ता आणि पाठवणारा म्हणून आमच्या मुलाचं नाव दिसलं. मुलीला न विचारताच पाठवते आहे, ती बिचारी आधीच आमच्यामागे खूप धावते.

आमचा मुलगा मोठा इंजिनिअर आहे. पूल बांधतो. सारखा फिरतीवर असतो म्हणून त्याचा पत्ता पक्का नसतो. तो बहिणीला पत्रं पाठवतो आणि ती दर रविवारी आम्हाला वाचून दाखवते. फार मायेनं लिहितो. आमची पत्रं तीच त्याला पाठवते. पण दीड वर्षात तो एकदाही आलेला नाही. तुमच्याकडे पुन्हा कधी आला तर सांगा की आईने विचारलं आहे, आमचं काही चुकलं का.

कोट ज्याने शिवला त्याला सांगा, हात चांगला आहे. मला थोडं शिवणातलं कळतं.

(शिलाईचे किती झाले ते कळवावे.)

१६ डिसेंबर

ताई,

सोबत एका गिऱ्हाइकाच्या पत्राची नक्कल पाठवतोय. मूळ पत्र मी देणार नाही, तुझ्या हातात तर नाहीच. आधी ते वाच आणि मग हे.

वाचलंस?

मास्तरांनी पाकीट फोडलं, चार ओळी वाचल्या, आणि ते माझ्यासमोर ठेवून बाहेर निघून गेले. दीड वर्षं मी घरातून हाकललेला मुलगा म्हणून जगलो, ताई. ओळखीचं कुणी भेटलं तर रस्ता बदलला. आईसारख्या चालीची बाई दिसली की चार पावलं तिच्यामागे जायचो. मास्तरांच्या बायकोने एकदा विचारलं, घरी कोण कोण असतं, तर मी म्हणालो, कुणी नसतं. आणि तिकडे आई कप्पे पुसत विचारतेय, आमचं काही चुकलं का.

कोट मी पाहिला. आतल्या खिशाचं अस्तर उसवून पुन्हा शिवलंय. फीत काढलीय. टाके उलट्या अंगाला कललेत. आपल्या घरात डावखुरी एकच आहे. ब्लेडने घाईघाईत कापलंस ना? कापडही फाटलंय थोडं. इतकी वर्षं झाली तरी तुझी तुरपाई सुधारली नाही.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. परक्याने कापला असता तर ओरडलो तरी असतो.

आईची पत्रं कुठे आहेत? 'आमची पत्रं तीच त्याला पाठवते.' मला एकही आलेलं नाही. किती होती? ती मला लगेच पाठव. आणि का केलंस ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल, आता कळेल.

धाकटा

२८ डिसेंबर

धाकट्या,

पत्रं पाठवली आहेत, अकरा आहेत. एकही फोडलेलं नाही. तू त्यांच्यासाठी दिलेलं पत्रही सोबत ठेवलंय. जाळायचा धीर झाला नाही.

का ते सांगते. त्या रविवारी तुझं पत्र घेऊन गेले ते वाचायचं ठरवूनच गेले होते, हे तुला खरं वाटणार नाही. दारातच बाबा. आत शेजारचे निवृत्त हेडमास्तर बसलेले, बाबा त्यांना तुझ्या पुलाचं सांगत होते. मला पाहून म्हणाले, "धाकट्याचं पत्र ना? वाच वाच, यांनाही ऐकू दे." मी पत्र उघडलं. पहिलीच ओळ होती, 'बाबा, मला माफ करा.' मी वर पाहिलं, तिघे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, 'बाबा, मी मजेत आहे.' मग पुढचंही निघालं. मनानेच रचत, पानाकडे बघत, मी दोन पानं वाचली. तुझ्या साहेबाने तुला नव्या पुलावर नेलं, खाली नदी केवढी होती, सगळं. हेडमास्तर म्हणाले, मुलगा छान लिहितो.

घरी जाऊन मी ओकले. पुढच्या रविवारी खरं सांगायचं ठरवलं. पुढच्या रविवारी आईने खुर्ची आधीच मांडून ठेवली होती.

आता हे नीट वाच, कारण हे मी दाजींनाही सांगितलेलं नाही. त्या घरात माझी कधी कुणी वाट पाहिली नव्हती. मला शिक्षिका व्हायचं होतं, त्याचा अर्ज बाबांनी भरूच दिला नाही, आणि मी रडले तेव्हा आई म्हणाली, हळू रड, धाकट्याची परीक्षा आहे. आता बाबा दाराशी उभे राहायला लागले. 'आली का' म्हणायला लागले. माझी नव्हे, तुझीच वाट पाहत होते, पण पावलं माझी ऐकत होते. मला ते सोडवेना.

तू आला असतास तर सगळं एका क्षणात संपलं असतं, म्हणून तुला अडवलं. आईच्या तोंडी ते वाक्य मी घातलं. त्यासाठी तू मला काय वाटेल ते म्हण.

एक मात्र म्हणते. तुला खरं जगायचं होतं, पण खरं बोलायचं काम तू माझ्यावर ढकललंस. तू तिकडे मोकळा झालास, आणि तुझा तो इंजिनिअर इथे माझ्या गळ्यात पडला.

ताई

४ जानेवारी

ताई,

शेवटचं लिहिलंस ते खरं आहे. रात्रभर त्यावर चिडलो आणि तरीही खरं आहे. म्हणून ते काम आता मीच करणार. आईची अकरा पत्रं वाचून झाली. शेवटच्यात तिने लिहिलंय, 'फिरतीवर जेवणाचे हाल होत असतील.'

शनिवारी घरी जातोय. कोट आत घेऊन झालाय, तोही नेतो. तू येऊ नकोस. तुझ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण झाकणारही नाही.

धाकटा

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

तू येऊन गेल्याला दीड महिना झाला. तू काही लिहिशील असं वाटलं नव्हतं, लिहिलंही नाहीस. तरी लिहिते, कारण हे तुझ्यापासून लपवलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

त्या दिवशी काय झालं ते आईकडून कळलं. तू उभ्याउभ्याच सगळं सांगितलंस. कोट खुर्चीवर ठेवलास. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "मग तो पूल?" आणि तू म्हणालास, "कुठला पूल, बाबा?" तू जेवायला थांबला नाहीस, की त्यांनी थांब म्हटलं नाही, ते आईने नीट सांगितलं नाही.

त्यानंतर पाच रविवार त्यांनी मला दार उघडलं नाही. मी जायचे, कडी वाजवायचे आणि परत यायचे. सहाव्या रविवारी आईने उघडलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. तयारीनेच गेले होते. आत पाहते तर खुर्ची मांडलेली.

आई म्हणाली, "बस. वाच."

मी म्हटलं, "काय वाचू?"

"त्याचं पत्र."

"आई, त्याचं पत्र कुठलं? ती सगळी मीच बनवली होती. तुला माहीत आहे आता."

"माहीत आहे. वाच."

"कुठलं?"

"साहेबांनी त्याला पुलावर नेलं ते."

बाबा आतल्या खोलीत होते. मला वाटलं, ते येऊन ओरडतील. ते आले, स्वतःची खुर्ची ओढली आणि बसले. अंगावर जुनी शालच होती. कोट दिसला नाही, मी विचारलंही नाही. मी हातात एक जुनं बिल धरलं आणि ते पत्र पहिल्यापासून म्हटलं. मधे मी नदीचं विसरले तर बाबांनी आठवण करून दिली.

निघताना आई म्हणाली, "पुढच्या वेळी नवीन आण. त्याला बढती मिळायची होती, त्याचं काय झालं ते येऊ दे."

मी पायरीवर बसून रडले. आपण दोघांनी मिळून त्यांना काय करून ठेवलं? की ते आधीपासून असेच होते? मला कळत नाही. तू सांगशील तसं करीन. नको म्हणालास तर पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही. मी हे मनापासून लिहितेय.

ताई

९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एक महागाचं कापड चुकीचं कापलं. मास्तरांनी बघितलं आणि सुट्टी दिली. मी कुठेही गेलो नाही, वर खोलीत बसून राहिलो.

तू फसवलंस याचा राग मला समजत होता. तो मी धरूनही ठेवला होता, मला त्याचा आधार होता. त्या शनिवारी आईने मला पाहिलं, माझे हात हातात घेतले, सुईने टोचलेली बोटं बघितली, 'किती खरबरीत झालीत' म्हणाली. आणि मग तिने खुर्ची मांडली आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं. याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुझ्यावर चिडणं सोपं होतं.

जा किंवा जाऊ नकोस, ते मी सांगणार नाही. मला विचारून तू आपलं मन हलकं करू नकोस. त्या मुलाला बढती द्यायची तर दे, घर बांधून दे, लग्न लावून दे. तो तुझा आहे आणि त्यांचा आहे. तो मी नाही, एवढंच.

मी काय करतोय ते मात्र सांगतो. मी आता थेट त्यांना लिहितो. जाड पेनाने, बोटभर उंच अक्षरात, बाबांना कुणाच्याही मदतीशिवाय वाचता येईल असं. एका पानावर सहाच ओळी बसतात. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'आई, बाबा, मी शिंपी आहे. आज एका म्हाताऱ्या गृहस्थांचा कोट पुरा केला. त्यांनी आरशासमोर उभं राहून बराच वेळ बटणं लावली आणि काढली. पोट दुखत नाही.'

ते पाकीट गेल्या आठवड्यात परत आलं. फोडलेलं नाही. वर बाबांच्या हाताने लिहिलंय, 'पत्ता चुकीचा.' अक्षर वाकडं झालंय, ओळ खाली घसरलीय, पण त्यांचंच आहे, तीस वर्षं फायलींवर शेरे उतरवले तेच. म्हणजे त्यांनी पाकीट हातात घेतलं, माझं नाव वाचलं आणि पेन शोधलं. खोटं सांगत नाही, रडलो.

मग दुसरं लिहिलं. तेही परत येईल बहुधा. पुढच्या आठवड्यात तिसरं जाईल. पाकिटाच्या मागे मी माझं पूर्ण नाव घालतो आणि नावाखाली 'शिंपी' असं लिहितो, पोस्टमनलाच काय, हेडमास्तरांनाही फाटकातून वाचता येईल एवढं मोठं.

धाकटा